दुखत नाही म्हणून दात चांगला आहे, असं समजू नका

मूल सहा वर्षांचं झालं की त्याच्या तोंडात एक मोठी गोष्ट घडते आणि बहुतेक घरांत ती कुणाच्या लक्षातच येत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे, जबड्याच्या पार टोकाला, वर दोन आणि खाली दोन अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांच्यासाठी दुधाचा एकही दात पडलेला नसतो, त्यामुळे आईवडील धरून चालतात की याही दुधाच्याच. पण या पक्क्या दाढा असतात. सत्तराव्या वर्षी त्या मुलाला भाकरी चावायची असेल तर याच दाढांवर चावायची असते.

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. आठ-नऊ वर्षांचं पोर दाढ दुखते म्हणून येतं, तोंड उघडून बघावं तर हीच दाढ मधोमध काळी पडून पोखरलेली. आईचं वाक्य ठरलेलं असतं, "पडणारच आहे ना मॅडम, मग काढूनच टाका." ही पडणार नाही आणि काढली तर हिच्या जागी दुसरी येणार नाही, असं सांगितलं की तिचा चेहरा उतरतो. दोष तिचा नसतो. हे तिला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. यातले बरेचसे आजार टाळता येतात. तरी ते वाढत राहतात, कारण आपण दाताची तब्येत दुखण्यावरून ठरवतो. दात दुखायला लागतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. हिरडीचा आजार तर दात हलायला लागेपर्यंत बऱ्याचदा दुखतच नाही. म्हणून दुखण्याच्या आधी काय दिसतं आणि काय करता येतं, ते नीट समजून घेऊ.

दात किडतो म्हणजे काय होतं

दाताचं वरचं पांढरं आवरण म्हणजे एनॅमल. माणसाच्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, जिवंत पेशीही नाही. म्हणून ते झिजताना कळत नाही आणि एकदा खड्डा पडला की जखमेसारखं भरूनही येत नाही. त्याच्या खाली डेंटीनचा मऊसर थर असतो. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात, थंड-गरम लागतं ते त्यांच्यामुळे. सगळ्यात आत दाताचा जिवंत गाभा असतो, त्यालाच पेशंट "नस" म्हणतात.

दातांवर कायम एक चिकट थर साचत असतो. सकाळी उठल्यावर नखाने दात खरवडला तर पिवळट पांढरं काहीतरी निघतं, तोच हा थर. यात जंतूंची वस्ती असते. आपण साखर खाल्ली की हे जंतूही ती खातात आणि काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. दातालगतची आम्लता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की एनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते आणि स्वतःतलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. यात अर्धा ते एक तास जातो. खनिजाची ही जा-ये प्रत्येकाच्या तोंडात रोज चालते. जाणं जास्त आणि येणं कमी झालं की दात किडायला लागतो.

किडीची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. हिरडीलगत दातावर निस्तेज, चमक गेलेला पांढरा पट्टा दिसतो. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाचा वरचा ओठ बोटाने हलकेच उचलून पटाशीच्या दातांच्या मुळाशी बघा. असा पट्टा दिसला तर तिथलं खनिज गेलंय, पण वरचा पृष्ठभाग अजून तुटलेला नाही. या टप्प्यावर फ्लोराइड आणि खाण्याच्या वेळा यांच्या जोरावर दात परत सावरू शकतो, ड्रिल लावावं लागत नाही. महिन्यातून एकदा ओठ उचलून बघण्याची सवय घरात असेल तर पुढची किती रडारड वाचेल.

हा टप्पा हुकला की पृष्ठभागाला बारीकसं भोक पडतं आणि कीड डेंटीनमध्ये शिरते. डेंटीन मऊ, त्यामुळे ती आतल्या आत पसरते. दाराच्या चौकटीला वाळवी लागते तेव्हा बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आत लाकडाचा भुगा झालेला असतो, दाढेचंही तसंच होतं. मग एक दिवस चिवड्यातला शेंगदाणा चावताना दाढेचा कपचा निघतो. लोक शेंगदाण्याला दोष देतात, पण आत किडायला दोन-तीन वर्षं लागलेली असतात.

जत्रेत, बाजारात बियांचा धूर देऊन दातातले "किडे" काढून दाखवणारे अजूनही भेटतात. वळवळणारा किडा कुठल्याच दातात नसतो. जे दाखवलं जातं ते तुमच्या दातातून आलेलं नसतं. "किडे निघाले" या समाधानात माणूस पुढचे सहा महिने काढतो, आणि तेवढ्यात साध्या फिलिंगने भागलं असतं ती दाढ हातची जाते.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं

दातांसाठी साखरेच्या वजनापेक्षा वेळा जास्त महत्त्वाच्या. दुकानावर बसणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहा-सात वेळा अर्धा कप चहा घेतो. प्रत्येक चहाला साखर चमचाभरच, पण दर वेळी अर्धा तास दात आम्लात भिजतात. सात चहांचे साडेतीन तास झाले. लाळेने सावरून घ्यावं तोवर पुढचा कप येतो. याउलट सणाच्या दिवशी जेवणात दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर साखर कितीतरी जास्त पोटात जाते, पण दातांवर हल्ला एकच होतो, शिवाय जेवताना लाळही भरपूर सुटलेली असते. तेव्हा गोड सोडा असं मी कुणाला सांगत नाही. गोड जेवणाबरोबर खा आणि दोन खाण्यांच्या मधे दातांना मोकळा वेळ द्या, एवढंच सांगते. मधल्या वेळचा चहा बिनसाखरेचा जमला तर फारच छान.

गूळ, काकवी, मध यांना दातांच्या बाबतीत वेगळी सूट नाही, जंतूंना ती साखरच. चहात बुडवलेलं बिस्कीट मुलांच्या दातांना फार वाईट. त्याचा लगदा दाढेच्या खाचांत जाऊन बसतो आणि तासभर तिथेच राहतो. जाहिराती कितीही पौष्टिक म्हणोत, मधल्या सुट्टीच्या डब्यात बिस्किटाऐवजी शेंगदाणे, फुटाणे, चीज, काकडी, एखादं अख्खं फळ द्यावं.

रात्रीची बाटली हा सगळ्यात दुःखद प्रकार. बाळ रडू नये म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवतात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे दूध रात्रभर वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं. तीन वर्षांच्या मुलाचे चारही पुढचे दात हिरडीपर्यंत झिजून तपकिरी झालेले मी नेहमी बघते. दूध झोपायच्या आधी पाजा, मग ओल्या स्वच्छ कापडाने किंवा छोट्या ब्रशने दात पुसा, आणि रात्री मागितलं तर फक्त पाणी द्या.

दुसरं टोक म्हातारपणाचं. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या आणि आणखी बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कोरड जावी म्हणून आजी-आजोबा खडीसाखर किंवा पेपरमिंट दिवसभर गालात ठेवतात. लाळ कमी आणि साखर कायम, यात हिरडीखाली उघडी पडलेली मुळं झपाट्याने किडतात. घरात कुणाचं असं चालू असेल तर ती खडीसाखर प्रेमाने काढून घ्या. पाण्याचे घोट, बिनसाखरेचं च्युइंगगम याने भागतं. कोरड जास्तच असेल तर गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

ब्रश, पेस्ट आणि रात्र

लाळ झोपेत थांबते, म्हणूनच रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा मोलाचा. दोनदा जमत नसेल तर एकदाच घासा, पण झोपताना घासा. हे ऐकून लोक चमकतात, कारण सकाळी तोंड धुतल्याशिवाय चहा न घेणारी माणसं रात्री जेवून तशीच आडवी होतात.

पेस्टमध्ये बघायचं ते एकच, फ्लोराइड आहे की नाही. विरघळलेलं खनिज परत बसताना सोबत फ्लोराइड असलं तर तयार होणारा थर आम्लाला जास्त टिकाव धरतो. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडवर १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची मर्यादा आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. ट्यूब उलटी करून वाचा. नॅचरल किंवा आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, तेवढी मोठ्यांनाही लागत नाही. घासून झालं की पेस्ट थुंकून टाका आणि लगेच खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये जातं.

ब्रश मऊ हवा. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर तो जरा तिरपा धरून लहान लहान हालचालींनी दोन मिनिटं फिरवायचा. सगळ्यात जास्त राहून जाणाऱ्या जागा दोन, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश शेवटी एकदा मोठ्यांनी फिरवायचा. त्या वयात मनगट नीट वळत नाही, पोराला रागावून उपयोग नसतो.

राखुंडी, विटेची पूड, मीठ, कोळसा आणि खरखरीत लाल दंतमंजन यांनी दात चकचकीत दिसतात, कारण ते घासून निघालेले असतात. बोटाने किंवा कडक ब्रशने आडवं जोरात घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात आणि मग गार पाण्याचा घोटही झोंबतो. कडुलिंबाचं किंवा बाभळीचं दातवण वापरणाऱ्या जुन्या माणसांना मी ते सोडा म्हणत नाही. नीट चावून कुंचा मऊ केला असेल तर ते थर काढतं. मात्र दातवणात फ्लोराइड नसतं आणि दोन दातांच्या मधे ते पोचत नाही. तिथे ब्रशही पोचत नाही. तिथे फ्लॉसचा दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो. सेफ्टी पिन आणि काड्यापेटीची काडी हिरडी फाडतात, दुसरं काही करत नाहीत.

आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर, म्हणजे लिंबू सरबत, कोकम, कोला, किंवा उलटी झाल्यावरही, लगेच ब्रश करू नये. तेव्हा एनॅमल काही वेळ मऊ असतं आणि ब्रशने झिजतं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा. गरोदरपणात रोज उलट्या होत असतील त्यांनी हे आवर्जून पाळावं.

सहा वर्षांच्या त्या दाढेसाठी आणखी एक सोय आहे, सीलंट. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही आत जात नाही. त्या खाचा पातळ राळेसारख्या पदार्थाने बंद करतात. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, थोड्या वेळात काम होतं. दाढ पूर्ण वर आली की लगेच करून घ्यावं. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागे दुसरी पक्की दाढ येते, तिलाही.

ठणका लागला, आणि मग थांबला

किडीच्या दुखण्याची एक ठरलेली वाट आहे. आधी गार किंवा गोड क्षणभर लागतं. इथे फिलिंगने काम होतं. मग गार प्यायल्यावर कळ उठून बराच वेळ राहते, गरमही लागतं, आणि रात्री आडवं पडल्यावर ठणका सुरू होतो. आतल्या गाभ्याला सूज आलेली असते, पण चारी बाजूंनी कडक भिंती, सूज जाणार कुठे? दाब वाढतो. आडवं पडल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून रात्री जास्त.

आणि मग तीन-चार दिवसांनी दुखणं एकाएकी थांबतं. माणूस सुटकेचा श्वास टाकतो, घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करतो. नेमकं हेच करायचं नसतं. दुखायचं थांबलं कारण गाभा मेला. जंतू आता मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू होतो, चावल्यावर दात उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येते, कधी गाल सुजतो.

यावर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणं ही आपल्याकडची सर्रास सवय. मेलेल्या गाभ्यात रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? आजूबाजूची सूज उतरते, मूळ तसंच राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळं पुन्हा उभं राहतं. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने दात बधिर होतो. एक रात्र काढायला कापसावर एक थेंब ठीक आहे, पण ते औषध नव्हे. वेदनाशामक गोळी कुटून हिरडीवर धरल्याने हिरडी भाजते. आणि सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका, बाहेरून थंड पट्टी ठेवा.

रूट कॅनॉलची लोकांना फार धास्ती. त्यात होतं एवढंच की दात बधिर करून आतला सडलेला गाभा काढतात, मुळातल्या नळ्या साफ करून भरतात. पुढच्या दाताला बहुधा एक नळी असते, दाढेला तीन किंवा चार, म्हणून दाढेला वेळ जास्त लागतो. त्यानंतर दाढेवर कॅप बसवायलाच हवी. पोकळ झालेली दाढ ठिसूळ असते आणि कॅपचे पैसे वाचवायला गेलेल्यांची दाढ चिरून सगळाच खर्च वाया जातो. दुधाच्या दाढेचीही अशीच ट्रीटमेंट होते. "पडणारच आहे" असं म्हणून ती वेळेआधी काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वेडावाकडा येतो.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत पार पिढ्यान्‌पिढ्यांची. दाताचा मज्जातंतू वेगळा, दृष्टीचा वेगळा. दाढ काढून डोळ्याला काही होत नाही.

मात्र एका गोष्टीला त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, तर सकाळची वाट बघू नका. दाताच्या पुवाने श्वासनलिका दाबली जाऊन माणसं दगावतात.

हिरडीतून येणारं रक्त

ब्रश करताना रक्त आलं की बहुतेक जण तिथे घासायचं सोडून देतात. करायला हवं नेमकं उलट. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्याच हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. रक्त येणं म्हणजे त्या जागी थर साचलाय. तिथे मऊ ब्रशने रोज नीट घासलं तर आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

थर तसाच राहिला तर लाळेतलं खनिज त्यात बसून त्याचं किटण होतं. किटण ब्रशने निघत नाही, दवाखान्यात मशीनने काढावं लागतं. "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात", हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी माझ्या कानावर येतं. दात हलतो तो आतलं हाड झिजल्यामुळे. किटणाने त्याला धरून ठेवलेलं असतं, ते काढल्यावर खरी परिस्थिती उघडी पडते, इतकंच. फटी वाटतात त्या किटणाने बुजलेल्या जागा असतात. हाड एकदा गेलं की आपोआप परत येत नाही, म्हणून त्याआधी काढायचं.

मधुमेह असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग असला की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. दोन्हीकडून पकडलं तरच सुधारणा होते. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. रक्त नाही म्हणून हिरडी धड आहे, हे त्यांच्या बाबतीत धरून चालू नये. गरोदर बाईच्या हिरड्या सहज सुजतात. तिची दातांची ट्रीटमेंट करता येते, मधले तीन महिने त्याला सोयीचे.

मशेरी, सुपारी, खर्रा

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली मशेरी आपल्या खेड्यापाड्यांत, आणि शहरांतल्या वस्त्यांतही, दात घासायचं साधन म्हणून चालते. वापरणाऱ्या बायका फार. कुणीतरी सांगितलं म्हणून दाढदुखीवर सुरू होते, क्षणभर बरं वाटतं, मग सकाळी एकदा, दुपारी एकदा, काम आटोपल्यावर एकदा. मशेरीने दात साफ होत नाहीत. ती हिरडीवर दाबून ठेवलेली तंबाखूच असते आणि तिच्यातलं निकोटिन गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत जातं. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. "मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते" असं सांगणाऱ्या मावशींना रागवून उपयोग नाही. ती सवय आहे, सुटायला आधार लागतो. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६ या नंबरवर मोफत आहे.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. विदर्भातला खर्रा आणि इकडचा मावा मात्र टपरीवर घोटून मिळतोच. यातल्या तंबाखूबद्दल लोकांना माहीत आहे, सुपारीबद्दल नाही. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला त्याच वर्गात ठेवलंय. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होतं. आधी तिखट झोंबायला लागतं, साधी आमटीही तोंडात आग करते. मग गाल आतून पांढुरके, दोरीसारखे कडक लागतात आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी बघायची एक सोपी रीत आहे. स्वतःची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं आणि करंगळीशेजारचं, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मधे जातात का बघा. पूर्वी जायची आणि आता दोनच जात असतील तर त्याच दिवशी सुपारी बंद करा आणि दाखवायला या. गेलेला लवचीकपणा पुरता परत येत नाही, पण पुढचं नुकसान थांबतं. सुगंधी सुपारीच्या पुड्या शाळकरी मुलांच्या दप्तरात सापडतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला कुठलाही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, हे दुखत नसलं तरी तपासून घ्यायचं. दुखत नसेल तर जास्तच.

पिवळे-तपकिरी पट्टे

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. लहानपणी, साधारण आठ वर्षांपर्यंत, पक्के दात हाडात घडत असताना असं पाणी पोटात गेलं की दातांवर पांढरे, तपकिरी पट्टे येतात. हे डाग एनॅमलच्या आत असतात, कितीही घासलं तरी जात नाहीत. त्यांचा अस्वच्छतेशी काही संबंध नाही, आणि लग्न ठरवताना मुलीला यावरून ऐकवणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं. उपाय पाणी बदलण्याचा आहे, त्यासाठी गावाच्या पाण्याची तपासणी करून घ्यायला ग्रामपंचायतीकडे आग्रह धरावा. अशा गावात लहान मुलांना पेस्ट कोणती द्यायची, हेही डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दवाखान्यात कधी आणि कसं यायचं

पहिला दात आला की, किंवा पहिला वाढदिवस झाला की, एकदा दाखवावं. त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी, मोठ्यांनी निदान वर्षातून एकदा. खासगीत परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे रांग असते, पण खर्च खूप कमी येतो आणि काम अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

खेळताना पडून मुलाचा पक्का पुढचा दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. पांढऱ्या भागाने धरा, मूळ चोळू नका, माती लागली असेल तर हलकेच धुवा आणि दुधाच्या कपात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे पोचा. बऱ्याचदा तो परत बसतो. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवत नाहीत.

येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणा. मधुमेह, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली इंजेक्शनं, गरोदरपण, हे विचारायच्या आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती चालू ठेवून बहुतेक वेळा दात काढता येतो, आणि बंद करायची की नाही ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवतो.